वीज कंपन्यांतील सुरक्षा संस्कृती

वीज कंपन्यांतील सुरक्षा संस्कृती म्हणजे वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरण करणाऱ्या संस्थेच्या दैनंदिन व्यवहारात कामगाराच्या जीविताला प्रत्यक्षात मिळणारे स्थान होय. सुरक्षेचे लेखी नियम, हातमोजे, शिरस्त्राण, सेफ्टी बेल्ट ही तिची दृश्य अंगे आहेत. मात्र कामाची घाई झाली असता कोणता नियम प्रथम बाजूला सारला जातो, धोका दिसल्यावर काम थांबविणाऱ्या तंत्रज्ञाला वरिष्ठ काय म्हणतात, अपघातानंतर पहिला प्रश्न 'कोण चुकले' असा असतो की 'काय घडले' असा, यांवरून तिचे खरे स्वरूप ओळखता येते. अपघाताचे कारण केवळ कामगाराच्या हातून झालेल्या चुकीत न शोधता संस्थेची रचना, मनुष्यबळ, कंत्राटपद्धती आणि नेतृत्व यांतही शोधले पाहिजे, हा या संकल्पनेचा गाभा आहे. ती पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि गॅस या इतर लोकोपयोगी सेवांनाही लागू पडते.

संकल्पनेचा उगम

औद्योगिक अपघातांची जबाबदारी मुख्यतः कामगारावर टाकण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील विमा कंपनीत काम करणारे हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुमारे ८८ टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात असा निष्कर्ष मांडला होता. हा आकडा पुढे अनेक दशके प्रशिक्षणवर्गांतून सांगितला गेला. त्याचा आधार मात्र कारखान्यांतील पर्यवेक्षक व मालक यांनी भरलेले अपघात-अहवाल हा होता. ज्याने अहवाल लिहावयाचा त्याने स्वतःच्या व्यवस्थेचा दोष त्यात क्वचितच नोंदवावा, हे स्वाभाविक असल्याने या निष्कर्षावर नंतरच्या अभ्यासकांनी टीका केली.

१९८० मध्ये इस्रायली संशोधक डोव्ह झोहर यांनी कारखान्यांतील कामगारांच्या पाहणीवरून 'सुरक्षा वातावरण' ही संज्ञा रूढ केली. व्यवस्थापन सुरक्षेला खरोखर किती महत्त्व देते याविषयी कामगारांची जी सामाईक समजूत असते, तिला त्यांनी हे नाव दिले. 'सुरक्षा संस्कृती' हा शब्दप्रयोग १९८६ च्या चर्नोबिल अणुवीज केंद्रातील दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाच्या अहवालातून प्रचारात आला आणि त्याच गटाने १९९१ मध्ये त्याची सविस्तर व्याख्या केली. म्हणजे या संकल्पनेचा जन्मच एका वीज केंद्रातील आपत्तीतून झाला आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या दशकात तिचा विस्तार करून तारेवर, यंत्रावर किंवा नियंत्रण कक्षात घडणारी 'सक्रिय चूक' आणि तिच्यामागे वर्षानुवर्षे दडून राहिलेला 'सुप्त दोष' असा भेद केला. अपुरी कर्मचारीसंख्या, लांबणीवर टाकलेली देखभाल, चुकीचे नकाशे, परस्परविरोधी आदेश हे सुप्त दोष होत.

कामाचे स्वरूप आणि 'परमिट'

वीज दिसत नाही, तिला वास वा आवाज नसतो. तार जिवंत आहे की मृत हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून वीज वितरणातील सुरक्षा ही मुख्यतः माहितीची सुरक्षा आहे. खांबावर चढलेल्या माणसाचे प्राण काही किलोमीटर दूर उपकेंद्रात बसलेल्या यंत्रचालकाच्या हाती असतात आणि या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे 'परमिट'.

उच्चदाब वाहिनीवर काम करावयाचे असल्यास प्राधिकृत कर्मचारी उपकेंद्राकडे वाहिनी बंद करण्याची मागणी करतो. यंत्रचालक त्या फीडरचा ब्रेकर उघडतो, आयसोलेटर उघडून वाहिनी दृश्य स्वरूपात तोडतो, तेथे कुलूप व 'माणसे काम करीत आहेत' असा फलक लावतो आणि नोंद करून परमिट देतो. एवढ्याने तार मृत झाली असे मानले जात नाही. कामाच्या जागी दाब नसल्याची चाचणी करणे आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावून तारा जमिनीशी जोडणे आवश्यक असते. कारण दुसऱ्या बाजूने पुरवठा येण्याच्या वाटा अनेक आहेत. ग्राहकाच्या जनरेटरमधून उलट दिशेने आलेला दाब रोहित्रातून चढून ११ केव्ही इतका होऊ शकतो. शेजारून वा वरून जाणारी दुसरी वाहिनी तुटून पडू शकते. समांतर वाहिनीमुळे बंद तारेतही दाब निर्माण होतो. काम संपल्यावर माणसे, साहित्य व अर्थिंग रॉड काढून घेतल्याची खात्री करून, ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करावयाचे असते. 'त्यानेच' हा शब्द येथे निर्णायक आहे.

या साखळीतील प्रत्येक कडी लहान आहे आणि प्रत्येक कडी वगळली तर काही मिनिटे वाचतात. परिचयाच्या यंत्रचालकाला फोन करून वाहिनी बंद करून घेणे, काम पाच मिनिटांचे म्हणून अर्थिंग न करणे, एका टोळीच्या परमिटवर दुसऱ्या टोळीनेही काम उरकणे या पळवाटांचा बहुतेक वेळा काहीच वाईट परिणाम होत नाही, आणि नेमका तोच त्यांचा मोठा धोका आहे. परिणाम न झाल्याने पळवाट हीच पद्धत बनते आणि नवा माणूस तिलाच काम म्हणून शिकतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डायेन वॉन यांनी चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताचा अभ्यास करताना १९९६ मध्ये या प्रक्रियेला 'विचलनाचे सामान्यीकरण' म्हटले. अवकाशयानाबाबत जे खरे, तेच गावाबाहेरच्या खांबाबाबतही खरे आहे.

संघटनेची रचना

कागदावरील नियम सर्वत्र जवळजवळ सारखे असूनही एका विभागात अपघात होतात व शेजारच्या विभागात होत नाहीत, यामागे बहुधा संघटनेच्या रचनेतील भेद असतो.

पहिला घटक मनुष्यबळाचा. खांबावरील काम दोघांनी करावे, एकाने वर चढावे व दुसऱ्याने खाली उभे राहून लक्ष ठेवावे, ही अपेक्षा दोन माणसे उपलब्ध असतील तरच पाळली जाते. ग्राहक वाढले, वाहिन्या वाढल्या आणि पदे रिक्त राहिली की एकाच तंत्रज्ञाकडे अनेक गावे येतात. अशा वेळी 'एकट्याने चढू नये' हे परिपत्रक प्रत्यक्षात जबाबदारी वरून खाली सरकविण्याचे साधन ठरते. अपघात झाल्यास परिपत्रकाचा भंग झाला असे दाखविता येते.

दुसरा घटक वेळेचा. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या कृतीच्या मानकांनुसार बिघाडानंतर ठरावीक मुदतीत पुरवठा पूर्ववत न झाल्यास ग्राहकास भरपाई मागता येते. ही तरतूद ग्राहकहिताची आहे आणि ती असलीच पाहिजे. तथापि, खंडित पुरवठ्याची मिनिटे रोज मोजली जातात आणि टाळलेले अपघात कोणीच मोजत नाही, अशा संस्थेत कर्मचारी कोणत्या मापाला घाबरेल हे उघड आहे. शेतीपंपांना रात्री पुरवठा देण्याच्या पद्धतीचाही येथे विचार करावा लागतो. पुरवठा रात्रीचा असला की बिघाडही रात्रीच दुरुस्त करावा लागतो. त्यामुळे कृषिवाहिन्यांना दिवसा वीज देण्याचा निर्णय वरकरणी सुरक्षेचा नसला तरी तंत्रज्ञाच्या दृष्टीने तो सुरक्षेचाही निर्णय ठरतो.

तिसरा आणि भारतात सर्वांत कळीचा घटक कंत्राटी व बाह्यस्रोत कामगारांचा. एकाच खांबावर काम करणाऱ्या दोघांपैकी एक कंपनीचा कायम कर्मचारी व दुसरा कंत्राटदाराचा माणूस असतो. विजेला हा फरक कळत नाही, पण प्रशिक्षण, साधने, विमा आणि काम नाकारण्याचे धैर्य यांत तो स्पष्ट दिसतो. 'हे काम धोक्याचे आहे, मी करणार नाही' असे म्हणणाऱ्या कायम कर्मचाऱ्यास फार तर ताकीद मिळते, तर तेच म्हणणाऱ्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी बोलावलेच जात नाही. निविदा सर्वांत कमी दराची स्वीकारली जाते तेव्हा कपात कोठे होते, हेही पाहण्यासारखे असते. तार, खांब व रोहित्र यांचे दर्जे निविदेत ठरलेले असतात, म्हणून कात्री माणसांच्या संख्येवर आणि साधनांवर चालते.

चौथा घटक संस्थेच्या विभाजनाचा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि २००५ मध्ये त्याचे निर्मिती, पारेषण व वितरण कंपन्यांत विभाजन झाले. महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशी त्यांची प्रचलित नावे आहेत. विभाजनामुळे हिशेब स्पष्ट होतात, परंतु जेथे दोन कंपन्यांची हद्द मिळते तेथे वाहिनी बंद करण्याचा निरोप एका संघटनेतून दुसऱ्या संघटनेत जातो. अशा सीमारेषांवर कोणाचा शब्द अंतिम हे आधीच ठरलेले असावे लागते. वादळानंतर हीच अडचण वेगळ्या रूपात येते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत झाले त्याप्रमाणे अन्य भागांतून दुरुस्तीची पथके येतात. ती कुशल असली तरी कोणता फीडर कोठून येतो, कोणत्या घरी जनरेटर आहे हे त्यांना ठाऊक नसते. स्थानिक तंत्रज्ञ प्रत्येक पथकासोबत देणे हा साधा उपाय आहे, परंतु तो आयत्या वेळी सुचत नाही, आधी योजावा लागतो.

नेतृत्व

सुरक्षेच्या संदर्भात 'नेतृत्व' हा शब्द बहुधा अध्यक्ष वा व्यवस्थापकीय संचालकांशी जोडला जातो. संशोधनातून मात्र असे दिसते की कामगाराच्या वर्तनावर सर्वाधिक प्रभाव त्याच्या लगतच्या वरिष्ठाचा, म्हणजे वितरण कंपनीत कनिष्ठ वा सहायक अभियंत्याचा असतो. ज्युलियन बार्लिंग, कॅथरीन लॉफलिन व केव्हिन केलोवे यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुरक्षेवर भर देणारे प्रेरक नेतृत्व आणि कमी इजा यांचा संबंध दाखविला. वरिष्ठ जे बोलतात त्यापेक्षा ते कशाची चौकशी करतात याकडे कर्मचारी अधिक लक्ष देतात. सायंकाळी येणाऱ्या फोनवर अभियंता प्रथम 'लाइन चालू झाली का' असे विचारतो की 'सगळे खाली उतरले का' असे विचारतो, यातून त्या शाखेची रीत घडते.

नेतृत्वाचा कस संकटात कसा लागतो याचे बहुचर्चित उदाहरण जपानमधील आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीत फुकुशिमा दाइइची केंद्राची हानी सर्वज्ञात आहे. तेथून काही किलोमीटरवर असलेल्या त्याच कंपनीच्या फुकुशिमा दाइनी केंद्रातही चारपैकी तीन अणुभट्ट्यांची शीतन व्यवस्था निकामी झाली होती. एक बाह्य वीजवाहिनी तेवढी शाबूत होती. केंद्रप्रमुख नाओहिरो मासुदा यांनी भूकंपानंतरच्या धक्क्यांची वेळ व तीव्रता फळ्यावर लिहून काढली. धक्के कमी होत आहेत, हे सर्वांना आपल्या डोळ्यांनी दिसले. त्यानंतरच त्यांनी पथकांना बाहेर पाठविले. सुमारे २०० माणसांनी सुमारे ९ किलोमीटर जड केबल हातांनी ओढून सुमारे दोन दिवसांत जोडणी पूर्ण केली आणि १५ मार्चपर्यंत चारही अणुभट्ट्या सुरक्षित थंड अवस्थेत आल्या. कामाच्या दरम्यान योजना बदलावी लागली तेव्हा मासुदांनी ते उघडपणे सांगितले. येथे हुकमापेक्षा माहिती उपयोगी पडली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच किनाऱ्यावरील ओनागावा केंद्राची कथा शांत काळातील नेतृत्वाची आहे. तोहोकू इलेक्ट्रिक या कंपनीचे उपाध्यक्षपद भूषविलेले अभियंते यानोसुके हिराई यांनी जुन्या त्सुनामींचा दाखला देऊन केंद्र समुद्रसपाटीपासून १४.८ मीटर उंचीवर बांधण्याचा आग्रह धरला होता. तो खर्चिक होता. १९८६ मध्ये हिराई निवर्तले. २०११ ची त्सुनामी ओनागावा येथे सुमारे १३ मीटर उंच आली, केंद्र सुरक्षित राहिले आणि परिसरातील बेघर ग्रामस्थांनी केंद्राच्याच आवारात आश्रय घेतला.

काही दुर्घटना

१७ ऑगस्ट २००९ रोजी रशियातील येनिसेई नदीवरील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात क्रमांक दोनच्या यंत्रसंचाचे झाकण पाण्याच्या दाबाने उखडले जाऊन यंत्रगृह पाण्याखाली गेले. ७५ जण मृत्युमुखी पडले. झाकण धरून ठेवणारे बोल्ट दीर्घकाळच्या कंपनांनी कमकुवत झाले होते. सापडलेल्या ४९ बोल्टांपैकी ४१ वर थकव्याच्या भेगा होत्या. कंपनांची पातळी मर्यादेबाहेर असूनही यंत्रसंच चालूच होता. आदल्या रात्री दूरच्या ब्रात्स्क केंद्रात आग लागल्याने ग्रिडमधील चढउतार सांभाळण्याचा भार या केंद्रावर आला होता. केंद्रातील वीज गेल्यामुळे धरणाच्या माथ्यावरील दारे कर्मचाऱ्यांना स्वतः वर चढून बंद करावी लागली. कंपनाचा आकडा दिसत होता, पण तो पाहून यंत्र थांबविण्याचा निर्णय कोणाचा हे स्पष्ट नव्हते. त्यामुळे हा अपघात सुप्त दोषाचे ठळक उदाहरण मानला जातो.

भारतात १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील रायबरेली जिल्ह्यात एनटीपीसीच्या उंचाहार औष्णिक वीज केंद्रातील ५०० मेगावॅटच्या सहाव्या संचात बाष्पकाच्या तळाशी साचलेल्या राखेच्या खड्यांमुळे स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. मृतांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी होती. संच चालू ठेवून खडे काढावेत की तो बंद करावा, हा वीजनिर्मिती व सुरक्षा यांतील जुनाच पेच तेथे होता.

संस्थेची कीर्ती ही सुरक्षेची हमी नसते, हे कॅलिफोर्नियातील पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या इतिहासातून दिसते. १९८० च्या दशकात बर्कले येथील संशोधकांनी 'उच्च विश्वासार्हतेच्या संघटनां'चा अभ्यास केला, तेव्हा विमानवाहू नौका व हवाई वाहतूक नियंत्रण यांच्याबरोबर या कंपनीच्या वीजजाळ्याचा व अणुकेंद्राचाही त्यात समावेश होता. त्याच कंपनीच्या गॅसवाहिनीचा २०१० मध्ये सॅन ब्रुनो येथे स्फोट होऊन ८ जण दगावले. ही वाहिनी अखंड नळीची असल्याची चुकीची नोंद दप्तरात होती. २०१८ मध्ये सुमारे शंभर वर्षे जुन्या पारेषण मनोऱ्यावरील झिजलेला हूक तुटून लागलेल्या वणव्यात ८५ जणांचा बळी गेला. २०२० मध्ये कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ आरोप न्यायालयात मान्य केले. कामगार व नागरिक यांची सुरक्षा वेगळी मोजली जात असली तरी दोहोंचे मूळ एकाच देखभालीत असते.

दोष, शिक्षा आणि माहिती

अपघातानंतर निलंबन ही सर्वांत जलद होणारी कारवाई आहे. तिचा परिणाम दुहेरी होतो. जाणूनबुजून नियम धाब्यावर बसविणाऱ्याला शासन होणे आवश्यकच आहे. परंतु प्रत्येक चुकीला शिक्षा होऊ लागली की लहान घटना, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, नोंदविलेच जात नाहीत. चुकीचा फीडर बंद केला, पण तार तपासल्याने लक्षात आले, ही घटना संस्थेसाठी मोलाची असते. ती सांगणाऱ्यास मेमो मिळाला तर पुढच्या वेळी कोणी सांगत नाही. रीझन व पुढे सिडनी डेकर यांनी मांडलेली 'न्याय्य संस्कृती' या पेचातून मार्ग काढू पाहते. तिच्यात अनवधान, धोका पत्करण्याची सवय आणि बेदरकारपणा यांत भेद केला जातो आणि त्याच परिस्थितीत दुसरा अनुभवी कर्मचारी तसेच वागला असता का, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर 'होय' असेल तर दोष व्यवस्थेत असतो. वृत्तपत्रांतील बातम्यांत 'निष्काळजीपणा' हा शब्द सर्रास वापरला जातो. ज्याचा मृत्यू झाला त्याच्याच माथी तो बसतो आणि त्यालाच उत्तर देता येत नाही.

भारतातील कायदेशीर चौकट

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ मध्ये सुरक्षेसंबंधी तरतुदी असून कलम १६१ नुसार विजेमुळे झालेल्या अपघाताची सूचना देणे व त्याची चौकशी यांची व्यवस्था आहे. ही चौकशी विद्युत निरीक्षकांमार्फत होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी निर्मिती, पारेषण व वितरण कंपन्यांना विद्युत सुरक्षा अधिकारी नेमणे आवश्यक केले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. कंत्राटी कामगारांबाबत, २०२५ पर्यंत लागू असलेल्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याचे कलम १२ महत्त्वाचे होते. कंत्राटदाराच्या कामगारास इजा झाल्यास भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. सुरक्षा अधिकाऱ्याचे पद प्रत्यक्षात किती उपयोगी ठरते हे तो कोणाला उत्तरदायी आहे यावर अवलंबून असते. काम उरकण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्याच हाताखाली हा अधिकारी असेल, तर काम थांबविण्याचा त्याचा अधिकार नाममात्र राहतो.

मलनिःसारण सेवा

लोकोपयोगी सेवांत संघटनेच्या रचनेचा सर्वांत क्रूर परिणाम भूमिगत गटारांच्या सफाईत दिसतो. हायड्रोजन सल्फाइड व मिथेन या वायूंनी भरलेल्या मॅनहोलमध्ये उतरलेला पहिला कामगार बेशुद्ध पडतो, त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. २०१३ च्या कायद्याने गटारांची व मलकुंडांची धोकादायक मानवी सफाई प्रतिबंधित केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रुपये केली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. यंत्रे खरेदी करणारा विभाग एक, सफाईचे कंत्राट देणारा दुसरा आणि उतरणारा माणूस उपकंत्राटदाराने त्या सकाळी बोलावलेला, अशा साखळीत 'उतरू नका' असे म्हणण्याचे काम कोणाचेच नसते. या कामात बहुसंख्येने विशिष्ट दलित समाजांतील लोक आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ व्यवस्थापनशास्त्राच्या चौकटीत मावत नाही.

मोजमाप

सुरक्षेचे मोजमाप बहुधा अपघातांच्या संख्येवरून होते. ही संख्या सुदैवाने लहान असते, त्यामुळे एखाद्या वर्षी ती शून्य झाली तरी त्यात व्यवस्थेचा वाटा किती आणि दैवाचा किती हे कळत नाही. 'अपघातमुक्त दिवस' दर्शविणाऱ्या फलकांना आणि त्यांवर आधारित बक्षिसांना अभ्यासकांचा आक्षेप आहे तो यासाठीच. बक्षीस जाऊ नये म्हणून किरकोळ इजा लपविल्या जातात. कंत्राटी कामगारांचे अपघात कंपनीच्या आकड्यांत धरले जातात की नाही, हाही प्रश्न असतो. त्यामुळे आगाऊ निर्देशकांचा वापर केला जातो. अर्थिंग लावलेल्या कामांचे अचानक तपासणीत आढळलेले प्रमाण, तपासून बाद केलेले हातमोजे व बेल्ट, नोंदविलेले थोडक्यात टळलेले अपघात, प्रलंबित देखभाल आणि रिक्त पदे ही त्यांची उदाहरणे होत. टळलेल्या अपघातांच्या नोंदी अचानक वाढल्या तर ते बहुधा सुधारणेचे लक्षण समजले जाते, कारण धोके पूर्वीही होते आणि आता ते सांगितले जात आहेत.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. तो दिवस भारतात राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो आणि अलीकडे वीज क्षेत्रात त्याच दिवशी लाइनमन दिवसही साजरा होतो.